वीणेकऱ्याचं अपील

नरसिंगचा निराधारचा पगार नामंजूर झाला तो माझ्या तोंडामुळं. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगून टाकतो. मी श्रीमंत, धामणतळ्याचा टाळकरी. कीर्तन म्हटलं की मला भूक लागत नाही, झोप येत नाही. महाराजांनी नुसता घसा साफ केला तरी माझ्या हातातले टाळ वर उठतात. असल्या माणसाला सरकारी कामात पंच केलं की काय होतं, ते ऐका.

आमचं गाव शिवेवरचं. बाजाराला जायचं मुखेडला, म्हणजे नांदेड जिल्ह्यात, आणि सातबारा निघायचा लातूर जिल्ह्यात. लातूर जिल्हा होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. अर्ध्या गावाला जिल्हा म्हटलं की अजून उस्मानाबादच आठवायचं. पावसानं दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. विहिरीत दोर सोडला की तळाचा दगड वाजायचा.

नरसिंग माझ्या बरोबरीचा. तीन वर्षांचा असताना ताप आला आणि कमरेखालून वारं गेलं. हातात लाकडी ठोकळे धरून तो सरकत सरकत गावभर फिरायचा. पण हात म्हणाल तर लोखंड. खळं झालं की शेतकरी त्याला बैलगाडीत घालून न्यायचे, आणि तो दाभण-सुतळी घेऊन ज्वारीची पोती शिवायचा. त्यानं शिवलेलं पोतं गाडीवरून आपटलं तरी दाणा सांडत नसे. ज्याची पोती शिवली तो त्याला ज्वारी घालायचा. त्यावर त्याचं एकट्याचं वरीस निघायचं. दोन सालं खळीच पडली नाहीत, तर शिवायचं काय? नांदेडला थोरला भाऊ हमाली करायचा. एका खोलीत सहा माणसं. भावाचा सारखा निरोप, ‘इकडं निघून ये.’

नरसिंग मला म्हणायचा, “शिरमंता, भाऊ देवमाणूस हाय. पण तिथं मी गेलो की दाराजवळची जागा माझी, अन् दारातून येणारा-जाणारा प्रत्येक माणूस मला ओलांडून जाणार. हितं माझं घर हाय. मला कोणी ओलांडत न्हाई.”

म्हणून अर्ज केला होता. पगार मिळाला तर तो गावात राहणार. नाही मिळाला तर ज्येष्ठ संपायच्या आत नांदेड.

आता सप्ताहाचं सांगतो. दुष्काळ असला तरी मारुतीच्या देवळातला चैत्रातला हरिनाम सप्ताह आम्ही मोडला नाही. पंगती बंद ठेवल्या, नाम चालू ठेवलं. सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकवायची नसते. दोन दोन तासांचे पहारे लागतात. एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ज्याच्या गळ्यात वीणा, त्यानं बसायचं नाही. आणि देवळात येणारा प्रत्येक जण, मग तो गावचा पाटील का असेना, आधी वीणेकऱ्याच्या पाया पडतो.

दुपारी बाराचा पहारा नरसिंगचा. उन्हामुळं तो कोणाला नको असतो, आणि नरसिंग तो हट्टानं मागून घ्यायचा. बसायची सोय नाही, मग हा उभा कसा राहणार? तर मी त्याला मंडपातल्या सागवानी खांबाशी उभा धरायचो आणि माझा दहा हाती पटका त्याच्या काखेखालून, छातीवरून, कमरेवरून खांबाला आवळून बांधायचो. वरून शाल, शालीवर वीणा. पायांवर वजन काडीचं नाही; सगळा माणूस कापडाला लटकलेला. एकदा मी म्हटलं, खांबाला खाली पाट ठोकू. तो म्हणाला, “ते बसणं झालं. देवाला काय दिसत न्हाई का?” दोन तासांनी पटका सोडला की त्याच्या बरगड्यांवर दोरखंडासारखे वळ. आणि चेहरा बघावा तर नुकतीच आंघोळ करून आल्यासारखा.

त्याच पहाऱ्याला तालुक्याचे गिरदावर, म्हणजे तलाठ्यांच्या वरचे साहेब, चौकशीला आले. अर्जदार कोण, म्हणाले. मी बोट दाखवलं. गिरदावर माळकरी माणूस. चपला काढल्या, आत आले, नरसिंगच्या पायांवर डोकं ठेवलं. ज्या पायांची चौकशी करायची, त्याच पायांवर! पण नरसिंगचं धोतर घोट्यापर्यंत, आणि गिरदावरांचे डोळे मिटलेले. मग पारावर बसून त्यांनी कागद काढला. पंच दोन, एक मी आणि दुसरे मकसूदभाई. मकसूदभाई गॅसबत्त्या दुरुस्त करतात; बापजाद्यापासून आमच्या सप्ताहाच्या बत्त्या त्यांच्या घरच्या.

गिरदावरांनी विचारलं, “अर्जदार उभा राहू शकतो का?”

तुम्हीच सांगा, मी काय बोलणार होतो? वीणा गळ्यात असलेला माणूस तेवढ्या वेळापुरता देवाचा असतो. समोर पहारा चाललाय आणि मी त्याला लंगडा म्हणू? माझी जीभ उचलेना. उलट ऊर भरून आला. मी म्हणालो, “उभा राहू शकतो का म्हंजे? साहेब, दोन तास जागचा हलत न्हाई! आमच्या धट्ट्याकट्ट्या पोरांना पाऊण तासात घेरी येते.”

मकसूदभाईंनी भर घातली, “पहाड हाय साहेब, पहाड!”

गिरदावरांनी लिहून घेतलं. आम्ही दोघांनी आनंदानं सह्या ठोकल्या. पटक्याचं सांगायचं राहिलं. खरं म्हणजे राहिलंही नाही. जे सगळ्या गावाला ठाऊक आहे ते वेगळं सांगायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही.

वैशाखात कागद आला. नरसिंगनं तो शाळेच्या पंचशीलाबाईंकडं वाचायला नेला, आणि बाईंनी आम्हा दोघा पंचांना बोलावणं धाडलं. पंचशीलाबाई नायगावकडच्या. त्यांचे वडील कचेरीत शिपाई होते, त्यामुळं कचेरीची भाषा त्यांना लहानपणापासून येते. शाळेला सुट्टी लागली होती, तरी माहेरी न जाता थांबल्या होत्या. आम्ही गेलो तर नरसिंग ओट्यावर बसलेला आणि बाई उभ्या.

त्यांनी वाचून दाखवलं, “‘अर्जदार सलग दोन तास उभा राहू शकतो व सशक्त आहे, असे पंचांनी सांगितले. सबब अपात्र.’ मामा, पंच कोण होते?”

मी खाली बघितलं. मकसूदभाईंनी वर, छताकडं बघितलं.

“डॉक्टरचा दाखला होता की,” मी पुटपुटलो.

“दाखला नांदेडच्या दवाखान्याचा. जिल्हा दुसरा, म्हणून तालुक्याच्या कमिटीनं बाजूला ठेवला. उरला तुमचा पंचनामा. तुमच्यापेक्षा एखादा दुश्मन पंच असता तर बरं झालं असतं. त्यानं निदान लंगडा म्हणून शिवी तरी दिली असती.”

मकसूदभाई म्हणाले, “बाई, आम्ही तर तारीफ केली.”

“तेच तर. नरसिंगभाऊंना तुमच्या तारिफेपासून वाचवायचंय आता.”

नरसिंग हसायला लागला. त्याला हसताना बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, “नरसिंगा, मला चार शिव्या दे.”

“देतो की. पगार चालू होऊ दे, मग रोज एक देतो.” आणि बाईंकडं वळून त्यानं विचारलं, “याच्यावर अपील असतंय ना?”

“असतं. महिन्याची मुदत आहे, त्यातले बारा दिवस गेले. अपील लातूरला.”

“मग लिवा. मी जिंकणार.”

“एवढी खात्री?” बाईंनी विचारलं.

“बाई, खोटं सांगायचं असतं तर भेव वाटलं असतं. माझे पाय काय बदलणार हायत व्हय?”

बाईंनी दोन पानी अपील लिहिलं. सोबत आम्हा दोघांचा जबाब, की आधी सांगितलं ते अपुरं होतं. सही करताना बाईंनी मला बजावलं, “मामा, तिथं साहेब विचारतील तेवढंच सांगायचं. कीर्तन करायचं नाही.”

तारीख ज्येष्ठाच्या सुरुवातीला लागली. पहाटेची एसटी धरून, उदगीरला गाडी बदलून आम्ही चौघं लातूरला पोचलो. नरसिंगला मी पाठीवर घेतलं होतं आणि ठोकळे मकसूदभाईंच्या पिशवीत. वाटेत एकानं विचारलं, बाबा कुठं निघालात? नरसिंग माझ्या खांद्यावरून म्हणाला, “घोड्यावर बसून कोर्टाला.”

जिल्हा नवा, पण कचेरीतली आमच्या वाट्याला आलेली इमारत जुनीच. मोठा व्हरांडा, त्याला गोल दगडी खांब, आणि कपाटं मावत नाहीत म्हणून कागदांचे गठ्ठे भिंतीला लावलेले. व्हरांडाभर माणसं बसलेली, बहुतेक आमच्यासारखीच, नामंजूर झालेली. दुपारी आमचा पुकारा झाला.

साहेब पन्नाशीचे, बारीक अंगाचे, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी आधी कागद वाचले, मग नरसिंगला बघितलं, मग मला.

“पंच तुम्ही?”

“हाव, साहेब.”

“चैत्रात तुम्ही सांगता दोन तास उभा राहतो. आता लिहून देता उभा राहू शकत नाही. यातलं खोटं कोणतं?”

मी म्हणालो, “साहेब, खोटं एकही न्हाई. तो उभा राहतो ते खरं हाय. कशाच्या आधारानं राहतो, तेवढं मी गिळलं.”

“कशाच्या?”

मी डोक्यावरचा पटका काढून टेबलावर ठेवला. साहेबांना काही कळेना. मग मी सगळं सांगितलं. वीणा, पहारा, खांब, गिरदावरांनी डोळे मिटून पाया पडणं. सांगता सांगता आवाज चढला, हात टाळासारखे हलायला लागले, तेव्हा पंचशीलाबाईंनी मागून माझा सदरा ओढला आणि मी थांबलो.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “कमाल आहे. पण मला कागदावर एक पंचनामा आणि एक जबाब दिसतो, दोन्हींवर सह्या तुमच्याच. कशावर विश्वास ठेवू? उद्या कोणीही उठून म्हणेल, मी बांधून उभा होतो.”

तेव्हा नरसिंग बोलला. जमिनीवर बसल्या बसल्या, मान वर करून, पण आवाज असा की साहेबच वाकून ऐकायला लागले. “साहेब, कागदावर नका ठेवू. बाहेर खांब हाय, पटका हितंच हाय, बांधणाराबी हजर हाय. तुमच्या डोळ्यांनी बघा.”

साहेब उठले. त्यांच्या मागं कारकून उठला, कारकुनामागं सगळा व्हरांडा.

मी नरसिंगला उचलून खांबाशी धरलं. गेली अकरा वर्षं मी त्याला बांधतोय, पण त्या दिवशी गाठ दोनदा चुकली. दोनशे डोळे. देवळात कोणी बघत नाही. तिथं सगळ्यांची नजर वीणेवर असते. इथं वीणा नव्हती, शालही नव्हती, नुसताच पटका आणि नुसताच माणूस. पायांची बोटं फरशीला टेकलेली, गुडघे आतल्या बाजूला मुडपलेले. पहिल्यांदाच मला वाटलं, आपण हे काय करून राहिलो?

“आवळ नीट,” नरसिंग म्हणाला. “ढिला बांधशील तर साहेबांना वाटंल नाटक हाय.”

मी आवळलं. साहेबांनी जवळ येऊन पटक्याखाली बोट घालून पाहिलं, बोट शिरेना. “आता सोडा,” ते म्हणाले.

देवळात पटका सोडायच्या आधी मी त्याला छातीशी धरतो, मग गाठ ओढतो. सवयीनं तसाच पुढं झालो. साहेब म्हणाले, “तुम्ही धरू नका. नुसती गाठ सोडा.”

माझा हात गाठीवरच राहिला. मी नरसिंगकडं बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता, पण डोळे हसत होते. “सोड की रे. दगड न्हाई मी, फुटायला.”

मी गाठ ओढली. तो सरळ खाली आला, वाकला नाही, लटपटला नाही. पोतं यावं तसा आला. आणि ज्यांनी धरू नका म्हणून सांगितलं होतं त्या साहेबांनीच दोन्ही हात पुढं करून त्याला काखेत धरलं. चष्मा खाली पडला. दोघंही फरशीवर बसले. साहेबांनी त्याच्या सदरा वर केला, काखेखालचे काळपट पडलेले जुने वळ बघितले. मग धोतर जरा वर सारून पिंढरी हातात घेतली. त्यांच्या अंगठ्यात आणि बोटात ती सहज मावली.

कारकुनानं चष्मा उचलून दिला. तो न घालताच साहेब म्हणाले, “कागद आणा इकडं. नवा पंचनामा इथंच करतो, माझ्यासमोर. पंच सांगतील, तुम्ही लिहा.”

आता माझी पाळी. बाईंचं बोलणं कानात होतं. स्तुती नको, म्हटलं. मी मन घट्ट केलं आणि बोललो, “नरसिंग दोन्ही पायांनी अधू हाय. लंगडा हाय. आधाराशिवाय उभा राहू शकत न्हाई, चालू शकत न्हाई.” एकदा शब्द तोंडातून निघाला आणि आभाळ काही कोसळलं नाही, तसा मला जोर आला. चूक भरून काढायची होती ना! “एकटा उठू शकत न्हाई. हातात बळ न्हाई. विहिरीवरून पाणी आणू शकत न्हाई—”

“थांबा, थांबा,” नरसिंग ओरडला. “साहेब, ते काढा.”

“काय काढू?”

“पाण्याचं काढा. यंदा धामणतळ्यात विहिरीवरून कोणीच पाणी आणू शकत न्हाई. टँकर येतोय. त्यात माझ्या पायांचा काय संबंध? अन् हातात बळ न्हाई म्हणतोय हा! साहेब, पंजा लावून बघता का?”

मकसूदभाईंनी कपाळाला हात लावला. “या अल्ला. आता अर्जदारच फोडून राहिला केस.”

साहेब हसले नाहीत. “हात चांगले आहेत म्हणता. मग हातानं काम करता येतं. तसं लिहू?”

सगळं जमत आलं होतं आणि या शहाण्यानं पुन्हा दार उघडून दिलं. बाईंनी तोंड उघडलं, पण नरसिंगनं त्यांना हातानं थांबवलं.

“लिवा, साहेब. हातानं मी पोती शिवतो. लातूरच्या अडतीतबी माझ्यासारखा शिवणारा सापडायचा न्हाई. पण आमच्या गावात दोन वर्षांत पोतंभर ज्वारी पिकली न्हाई. रोजगार हमीवर गेलो, तिथं खडीच्या ढिगापर्यंत मला कोण नेणार? एक दिवस यानं पाठीवर नेलं. मुकादम म्हणाला, एका हजेरीत दोन माणसं चालत न्हाईत.”

“आणि उद्या पाऊस झाला, पीक आलं, तर?”

“तर शिवीन की! घरात बसून कुजत न्हाई मी. पण खळ्यापर्यंत कोणाच्या गाडीतच जाईन, साहेब. माझे पाय पावसानं उगवणार न्हाईत.”

व्हरांड्यात कोणीतरी वाहवा केली. कारकुनानं डोळे वटारले.

साहेबांनी चष्मा घातला. पाण्याची ओळ त्यांनी स्वतः खोडली, बाजूला सही केली. हाताचीही खोडली. मग कारकुनाला सांगायला लागले, अगदी शांतपणे, मुद्दा सोडून एक शब्द नाही. अर्जदाराचे दोन्ही पाय निकामी असल्याचे आपण समक्ष पाहिले. पहिल्या पंचनाम्यात आधाराचा उल्लेख नाही, म्हणून तो ग्राह्य नाही. डॉक्टरचा दाखला शेजारच्या जिल्ह्याचा असला तरी सरकारी आहे. हात चालतात एवढ्यावरून माणूस निराधार नाही असे होत नाही. सबब अपील मंजूर. अर्जदार पात्र.

मी खाली वाकून साहेबांच्या पायाला हात लावायला गेलो. त्यांनी पाय मागं घेतले. “पाया पडलं की बघायचं राहून जातं, हे तुमच्याच गावाकडून शिकलो आज. सही करा इथं.”

मी सही केली. मकसूदभाईंनी केली. नरसिंगनं कागद मांडीवर घेऊन एकेक अक्षर काढत केली, आणि मला म्हणाला, “बघ, माझ्या सहीनंच चाललं. तुझ्या दोन सह्यांनी माझा जीव खाल्ला होता.”

निकालाची नक्कल मिळायला तीन वाजले. आम्ही व्हरांड्यात खाली बसलो, बाईंनी भाकरीचं फडकं सोडलं, पण नरसिंग जेवेना. “आधी वाचा, बाई.” बाईंनी वाचलं. “आता शेवटची ओळ परत. मोठ्यानं.” बाईंनी मोठ्यानं वाचली. आजूबाजूची बोलणी थांबली.

पलीकडं एक म्हातारी बसली होती, एक डोळा पांढरा झालेला, मांडीवर पिवळं पाकीट. तिनं सरकत सरकत आमच्या फडक्यापाशी येऊन विचारलं, “लेकरा, तुझं झालं व्हय? माझं बी असंच परत पाठिवलंय. नजर चांगली हाय, म्हणं.”

नरसिंगनं ठोकळे बाजूला सारून तिला जागा केली. अर्धी भाकर मोडून तिच्या हातात दिली आणि पाकीट पंचशीलाबाईंपुढं ठेवलं.

“बसा, मावशी. नाव-गाव पाकिटावर वाचतीलच बाई. तेवढ्यात एक सांगा, पंच कोण होते?”

“दोघं बी आमच्याच गल्लीतले. लई चांगली माणसं.”

“मायाबी लई करत असतील तुमच्यावर?”

“तर! पोटच्या पोरापेक्षा जास्ती,” म्हातारी म्हणाली.

नरसिंगनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. “बाई, दुसरा कागद काढा,” तो म्हणाला. “हिचंबी जिंकणार आपण.”